तीन महिन्यांची शुगर आणि भंडाऱ्याचं रक्त

समजा, एक रिपोर्ट तुमच्या हातात आहे. बाई लाखनीच्या बाजूची, वय ४६, वजन ४४ किलो, पावसाळ्यात रोवणीची मजुरी करणारी. उपाशीपोटी शुगर १४८. त्याच दिवशीच्या रक्तातून काढलेली तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ५.८. पहिला आकडा म्हणतो मधुमेह आहे. दुसरा म्हणतो नाही, फार तर सांभाळून राहा. घरचे लोक दुसऱ्यावर विश्वास ठेवतात, आणि त्यांचंही चुकत नाही म्हणा: ती तपासणी महाग असते, तीन महिन्यांचा हिशेब देते असं सगळे सांगतात, आणि बातमीही चांगली देते. शिवाय बाई काटकुळी. शुगर काय, जाड माणसांना होते, असं सांगणारे शेजारी प्रत्येक गावात असतात.

असा बेमेळ रिपोर्ट भंडारा जिल्ह्यात हाती आला तर चांगल्या बातमीवर लगेच विसंबू नका. उपाशीपोटीची शुगर पुन्हा एकदा नीट करून घ्या आणि एचबीएवनसीच्या आकड्याची चौकशी करा. यंत्र बिघडलं असेलच असं नाही. लॅबमधल्या मुलाने हलगर्जी केली असेल असंही नाही. चूक कधीकधी गृहीतकात असते. या माणसाच्या लाल पेशी पुस्तकातल्या माणसाच्या पेशींसारख्याच आहेत, असं ही तपासणी धरून चालते. विदर्भात तसं डोळे मिटून धरता येत नाही. इथे सिकलसेल आहे, रक्तक्षय आहे. दोन्ही एकाच घरात असतात, काही वेळा एकाच अंगात.

ही तपासणी नेमकं काय मोजते ते आधी पाहू. रक्तातली साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पक्की चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. मोहाडी-आंधळगावकडे कोसा विणतात. त्या सुताला रंगाच्या हंडीत जितका वेळ ठेवावं तितकी छटा गडद होते. हंडीतला रंग किती दाट होता हे नुसत्या छटेवरून ओळखायचं असेल, तर सूत किती वेळ बुडालं होतं हे माहीत हवं. एचबीएवनसी ते विचारतच नाही. सूत नेहमीइतका वेळ बुडालेलं होतं असं धरून ती टक्का सांगते. पेशी लवकर मरत असतील तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि रक्तात साखर भरपूर असूनही टक्का कमी येतो.

गंमत अशी की या तपासणीचा शोधच हिमोग्लोबिनच्या वेगळ्या प्रकारांच्या मागे लागताना लागला. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर हे डॉक्टर रुग्णांच्या रक्तात नेहमीपेक्षा निराळं हिमोग्लोबिन सापडतं का ते पाहत होते. तेव्हा मधुमेहाच्या रुग्णांत त्यांना एक अनपेक्षित पट्टा दिसला. तो कुठला नवा आनुवंशिक प्रकार नव्हता. साखर चिकटलेलं साधं हिमोग्लोबिन होतं. पुढे चाळीसेक वर्षांनी, २०१० मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक एचबीएवनसी हे मधुमेहाच्या निदानाचं एक माप म्हणून मान्य केलं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अटी घातल्या. मोजमाप दर्जेदार हवं आणि रक्तात मापन बिघडवणारा दोष नको. ६.५ पेक्षा कमी आकडा आला म्हणून मधुमेह नाहीच असं समजू नये, हेही त्या अहवालात आहे. अटी मागे राहिल्या, आकडा गावोगाव पोचला.

आणखी एक गोष्ट. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात ‘सरासरी ग्लुकोज’ म्हणून जो आकडा छापतात, त्याचं सूत्र २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आलं. त्यात ५०७ जण होते आणि रक्तक्षय असलेल्यांना निवडतानाच बाजूला ठेवलं होतं. शास्त्रीय दृष्टीने ते योग्यच, कारण आधी स्वच्छ परिस्थितीत नातं काय आहे ते बघायचं होतं. पण मग हिमोग्लोबिन ८.५ असलेल्या पवनीच्या बाईला तेच सूत्र लावून तिची सरासरी छापायची, यात शास्त्र किती उरलं?

सिकलसेलचं कार्ड शोधा

मध्य भारतातला सिकलसेल वैद्यकात नोंदला गेला तो नागपूरमुळे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याची माहिती दिली. नंतर पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी वस्त्यांत वर्षानुवर्षं हेच काम केलं. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राज्यातल्या वेगवेगळ्या आदिवासी गटांत सिकलचं प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचं त्यांच्या लिखाणात आहे. विदर्भात ते आदिवासींपुरतं नाही, इतर अनेक समाजांतही आहे. म्हणून ‘आमच्यात ते नसतं’ हे वाक्य तपासणी झाल्याशिवाय बोलू नये.

रुग्ण म्हणजे एसएस पॅटर्न. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून सिकलचा जनुक आलेला. वाहक म्हणजे एएस पॅटर्न. एकाच बाजूने आलेला. रुग्णाला लहानपणापासून सांधेदुखी, कावीळ, वारंवार दवाखाना हे चुकत नाही, त्यामुळे त्याला आपला आजार ठाऊक असतो. वाहकाला सहसा काहीच होत नाही. तो बांधीत उतरतो, चिखल करतो, पोती उचलतो, आणि साठीपर्यंत आपल्या रक्तात काय आहे हे त्याला कळत नाही.

इथेच मेख आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेलं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान शून्य ते ४० वर्षांच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं आहे. पुढच्या पिढीत आजार जाऊ नये हा हेतू असल्याने ही वयोमर्यादा समजण्यासारखी आहे. मधुमेह मात्र चाळिशीनंतरच जास्त दिसतो. परिणामी ज्यांची एचबीएवनसी होते त्यांच्याकडे तपासणीनंतर मिळणारं सिकलचं कार्ड नसतं आणि ज्यांच्याकडे कार्ड असतं त्यांची अजून शुगर तपासलेली नसते.

यावर घरातच एक उपाय आहे. मुलांची, नातवंडांची कार्डं बघा. मुलाचा पॅटर्न एएस असेल तर आईवडिलांपैकी निदान एकाच्या रक्तात सिकल आहेच. मूल एसएस असेल तर दोघांच्याही. नातवाचा एएस असेल तर तो आईकडून आला की बापाकडून ते त्यांच्या कार्डावरून कळेल, आणि मग त्या बाजूच्या आजी-आजोबांपैकी एकाकडे बोट जातं. शाळेच्या किंवा गावच्या शिबिरात नुसती सोल्युबिलिटी चाचणी झाली असेल आणि चिठ्ठीवर फक्त ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर ते अर्धंच उत्तर आहे. सिकल आहे एवढंच त्यातून कळतं, वाहक की रुग्ण ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावं लागतं. आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लग्नाच्या बोलणीत अडचण नको म्हणून काही घरांत ही कार्डं कपाटाच्या तळाशी जातात. ते बरोबर की चूक हा वेगळा विषय. शुगरच्या डॉक्टरापासून मात्र कार्ड लपवण्यात कोणाचाच फायदा नाही.

आता या पॅटर्नचा आकड्यावर काय परिणाम होतो? एसएस असेल तर एचबीएवनसी करूच नये. ती तपासणी ज्या हिमोग्लोबिनवर चालते ते हिमोग्लोबिन-ए अशा रक्तात जवळजवळ नसतंच, आणि पेशी १२० ऐवजी दहा-वीस दिवसांत संपतात. यंत्राने काही आकडा दिला तरी त्याला अर्थ नाही. रुग्णाला नुकतं रक्त चढवलेलं असेल तर तो आकडा रक्तदात्याच्या पेशींचा. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चालू असतील तर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन-एफ वाढतं आणि मापनात आणखी गोंधळ होतो. या कारणाने गोळ्या बंद करू नका, तपासणी बदला.

एएस पॅटर्नचं चित्र इतकं सरळ नाही, आणि इथे दोन्ही टोकं टाळायला हवीत. वाहकाची एचबीएवनसी निरुपयोगी नसते. पद्धत कोणती आहे यावर बरंच अवलंबून आहे. काही यंत्रं सिकलचं हिमोग्लोबिन नीट वेगळं करतात, काहींचा अंदाज वर-खाली होतो. पण यंत्राचा प्रश्न बाजूला ठेवला तरी थोडा फरक उरतो असं दिसतं. २०१७ साली ‘जामा’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या ४,६२० कृष्णवर्णीय प्रौढांचा अभ्यास आला. रक्तातली साखर सारखीच असताना सिकल वाहकांची एचबीएवनसी इतरांपेक्षा साधारण ०.३ ने कमी होती. ९ च्या जागी ८.७ आलं तर उपचारात फारसा फरक पडत नाही. ६.६ च्या जागी ६.३ आलं तर मात्र निदानच हुकतं. म्हणून वाहकांनी सीमेवरच्या आकड्यांना, म्हणजे ५.५ ते ६.५ च्या पट्ट्याला, उपाशीपोटीच्या शुगरची जोड दिल्याशिवाय खरं मानू नये. एकदा निदान झालं की त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर दर तीन महिन्यांनी केलेली एचबीएवनसी चढते की उतरते हे पाहायला वाहकालाही उपयोगी पडते.

रक्तक्षय उलट्या दिशेने ओढतो

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात नव्या पेशी कमी बनतात, जुन्या रेंगाळतात, आणि एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. बी-१२ कमी असेल तरी असंच होऊ शकतं. मग ज्या बाईला मधुमेह नाही तिला ६.२ चा आकडा दाखवून घाबरवलं जातं. तिला आधी लोहाच्या गोळ्या लागतात. उलटही घडतं. गोळ्या सुरू झाल्या, नव्या कोवळ्या पेशी भराभर आल्या, की एचबीएवनसी खाली येते. शुगर मात्र होती तिथेच. ‘गोळ्यांनी शुगरही उतरली’ असं घरी सांगितलं जातं.

म्हणून साधा नियम ठेवा. एचबीएवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिनचा आकडा नसेल तर रिपोर्ट अपुरा आहे. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, स्वस्त आहे, त्याच सुईतून निघते. हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर आधी त्याचं कारण शोधा, उपचार करा, आणि तोवर शुगरचा निर्णय उपाशीपोटी आणि दोन तासांच्या शुगरवर घ्या. किडनीचा जुना आजार, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवणं, मोठा रक्तस्राव, गरोदरपण, जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता, या सगळ्यांतही एचबीएवनसी फसवू शकते.

सिकल आणि रक्तक्षय एकत्र असतील तर एक खाली ओढतो, दुसरा वर. शेवटी आलेला आकडा योगायोगाने बरोबरही असेल. पण योगायोगावर औषध ठरवत नाहीत.

उपाशीपोटी म्हणजे नक्की कसं

ज्या तपासणीवर भार टाकायचा ती तरी नीट व्हावी. किमान आठ तास काही खायचं नाही. पाणी चालतं, प्यावंच. चहा, दूध चालत नाही. बिनसाखरेचा चहासुद्धा नको. बिडी नको, आणि खर्रा तर नकोच. ‘खर्रा म्हणजे काही खाणं नव्हे’ असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. रोवणी-कापणीच्या दिवसांत पहाटे बांधीवर जाऊन दोन तास राबून मग दहा वाजता रक्त द्यायला येणं टाळा. श्रमाने आकडा बदलतो. ताप, जुलाब, नुकताच झालेला आजार, चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हे आधी सांगा.

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या तपासणीने खात्री करायची. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. भात हे मुख्य जेवण असलेल्या आपल्या भागात काहींची उपाशी शुगर बरी असते आणि जेवणानंतरची चढते. त्यामुळे शंका असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची तपासणी करून घ्या. २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह, १४० ते १९९ म्हणजे पूर्वमधुमेह. या तपासणीच्या आधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं. ‘उद्या टेस्ट आहे’ म्हणून दोन दिवस भात सोडणारे लोक तपासणीलाच फसवतात. आणि ते दोन तास लॅबमध्ये बसून राहायचं. बाजार करून यायचं नाही.

नळीकडेही लक्ष द्या. काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि नळीतली साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. सकाळी आठला गावातल्या शिबिरात घेतलेलं रक्त दुपारी एकला शहरातल्या लॅबमध्ये पोचलं तर १४० ची शुगर १०५ च्या आसपास दिसायला फार काही लागत नाही, मे महिन्यात तर त्याहून कमी. शुगरसाठी फ्लोराइड घातलेली राखाडी टोपणाची नळी वापरतात. तीही साखरेची घट पूर्ण आणि ताबडतोब थांबवत नाही, पण बरीच रोखते. टोपणाचा रंग विचारायला लाजायचं कारण नाही.

ग्लुकोमीटर घरी असणं चांगलं. पण आंतरराष्ट्रीय निकषानेच त्याला १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा आहे, आणि रक्त पातळ असेल, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असेल, तर अनेक ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. त्यावरून निदान करू नये. आंबा खाल्लेल्या किंवा मोहफुलं वेचलेल्या हाताने बोट टोचू नका. साबणाने धुवा, पुसा. पट्ट्यांची डबी उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका.

घरी ग्लुकोमीटर असणाऱ्यांना एचबीएवनसी पारखायचा एक मार्ग आहे. ६ टक्के म्हणजे सरासरी साधारण १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. दोन आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले आकडे वहीत लिहा. सरासरी १९० च्या घरात आणि एचबीएवनसी ६.४ असं निघालं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना सरळ सांगा: ‘माझा पॅटर्न एएस आहे, रक्त नऊ आहे, हे दोन आकडे जुळत नाहीत.’ यात उद्धटपणा नाही. ओपीडीच्या गर्दीत तीन मिनिटं मिळणाऱ्या डॉक्टरला या एका वाक्याने वेळ वाचवता येतो.

लॅबला विचारायचे प्रश्न दोनच. एचबीएवनसी कोणत्या पद्धतीने करता, आणि एचपीएलसी असेल तर आलेख असलेलं पान मिळेल का? त्या आलेखात सिकलचं हिमोग्लोबिन वेगळं शिखर म्हणून दिसू शकतं. काही रिपोर्टवर ‘हिमोग्लोबिन व्हेरियंट’ अशी टीप असते आणि ती वाचतच कोणी नाही. अनेक वाहकांना आपण वाहक आहोत हे शुगरच्या रिपोर्टमधूनच पहिल्यांदा कळू शकतं. एचबीएवनसी अजिबात चालणार नाही अशा रुग्णांसाठी फ्रुक्टोसामाइन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिन या तपासण्या आहेत. त्या रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात, त्यामुळे लाल पेशींशी त्यांचा संबंध नाही. मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र मिळतं. लहान लॅबमध्ये त्या सहसा होत नाहीत, नमुना बाहेर पाठवावा लागतो. डॉक्टरांनी सांगितल्या तरच करा.

काटकुळ्या माणसाची शुगर

आता शेजाऱ्यांच्या त्या वाक्याकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी होती, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमी होतं ते मांस, स्नायू. पुढे २००४ साली याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर विसंबू नये हे सांगायला इतका प्रामाणिक पुरावा क्वचित मिळतो. भारतीयांसाठी कंबरेचं माप जास्त कामाचं: पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८० च्या वर गेलं की सावध.

आणि कंबरही बारीक असून शुगर वाढलेली असेल तर? कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये ‘टाइप ५’ म्हणून वेगळी मान्यता दिली. त्यात शरीर इन्सुलिनला दाद देत नाही असं नसतं, इन्सुलिनच कमी बनतं. याच्या उपचाराबद्दल अजून संशोधन चालू आहे. तुमच्यासाठी त्यातला अर्थ एवढाच की बारीक माणसाला शुगर निघाली तर जाड शेजाऱ्याच्या गोळ्या आणि शेजाऱ्याचं ‘खाणं कमी कर’ दोन्ही उचलू नका. अर्धपोटी राहून त्याचं नुकसानच होईल.

बारीक माणसाचं वजन आणखी भराभर उतरू लागलं, तहान थांबेना, उलट्या, पोटदुखी, श्वास जोरात चालू लागला, तर रिपोर्टची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सिकलच्या घरात इथे एक फसगत होते. सिकलमुळे किडनीची लघवी दाट करण्याची ताकद कमी होते, काही वाहकांतही होते, म्हणून वारंवार लघवीला जाणं ‘हे तर नेहमीचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. नेहमीपेक्षा वाढलं असेल तर शुगर बघा. वाढलेली शुगर अंगातलं पाणी घालवते, आणि एसएस रुग्णाला पाणी कमी पडलं की दुखण्याचा झटका येऊ शकतो. दोन्ही आजार डोळ्याच्या पडद्याला आणि किडनीला इजा करतात, तेव्हा अशा रुग्णाने वर्षातून एकदा पडद्याची तपासणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी चुकवू नये.

भाताबद्दल थोडं, कारण बोलल्याशिवाय सुटका नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या २१ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात, दिवसाला ४५० ग्रॅमपेक्षा जास्त शिजवलेला पांढरा भात खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका १५० ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत २० टक्के जास्त दिसला. दक्षिण आशियात तो ६१ टक्के होता. धानाच्या जिल्ह्यात भात सोडा म्हणणारा सल्ला कोणी पाळत नाही, आणि दिवसभर बांधीत वाकणाऱ्या माणसाने तो पाळूही नये. भाताचा ढीग कमी करा, वरण घट्ट करा, शेजारी भाजी वाढवा. तलावातले मासे, झिंगे, अंडी, हरभरा, मूग यांतून प्रथिनं आणा. लाखोरीची डाळ परवडते आणि चवीलाही चांगली, पण ती रोजच्या जेवणाचा मोठा भाग करू नये. तिच्यातल्या विषारी घटकामुळे पाय लुळे पडल्याचा इतिहास आहे. मेटफॉर्मिन चालू असलेल्यांनी अधूनमधून बी-१२ तपासावं. हे औषध बी-१२ कमी करतं आणि बी-१२ कमी झालं की, वर पाहिलं तसं, एचबीएवनसीवर परिणाम होतो.

गरोदरपणी एचबीएवनसीवर अवलंबून राहूच नका. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तपासणीच्या वेळी आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. यासाठी उपाशी यावं लागत नाही, त्यामुळे उपकेंद्रातही होते. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा जोखमीचा फॉर्म आशाताई भरते. त्यात गुण चारपेक्षा जास्त आले, किंवा उपकेंद्रात बोट टोचून शुगर १४० च्या वर निघाली, तर पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्यांची सिकलची कार्डं आणि शेवटची सीबीसी एका पिशवीत सोबत न्या. सगळं ठीक निघालं तर तीन वर्षांनी पुन्हा तपासा. आकडा उंबरठ्यावर असेल तर दरवर्षी. आणि शिबिरात कोणी फक्त एचबीएवनसीच मोफत करत असेल तर करून घ्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन राखाडी टोपणाच्या नळीत एकदा रक्त द्या.